परतीची वायर

मी ओव्हनचं दार उघडलं, आतला पिवळा दिवा डोळा मिचकावल्यासारखा लागला आणि अख्खं घर अंधारात गेलं. फ्रीजची घरघर थांबली, आतल्या खोलीतला पंखा दमल्यासारखा हळूहळू थांबला. दोन महिने चाललेलं स्वयंपाकघराचं काम त्याच दुपारी एकदाचं संपलं होतं. बरं, मी काही तापवायलाही घेतलं नव्हतं. नुसतं दार उघडलं होतं.

हे ‘नुसतं दार’ पुढे फार कामाला आलं, पण त्याला चार दिवस जावे लागले. तोवर आम्ही सगळ्यांनी मिळून ओव्हनला गुन्हेगार ठरवून टाकलं होतं.

मुळापासून सांगते. आमचा जुना ओव्हन ओट्यावर बसायचा आणि साध्या पॉवर प्लगवर चालायचा. स्वयंपाकघराचं काम काढलं तेव्हा ठरवलं की आता भिंतीतल्या कपाटात, छातीच्या उंचीवर बसणारा घ्यायचा. सगळं काम व्हायच्या आधीच मी तो मागवून ठेवला, कारण कपाटाची मापं ओव्हनच्या पुस्तिकेवरून घ्यायची होती. खोकं गॅलरीत प्लास्टिक पांघरून दोन महिने उभं राहिलं. ही गॅलरी लक्षात ठेवा.

खोक्यातून मी आधी काढली ती पुस्तिका, आणि मग दाराच्या कडेला चिकटवलेली पाटी वाचली: २२०-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, ३.५ किलोवॅट. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे, आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. ३५०० भागिले २३० म्हणजे १५.२ अँपिअर.

सुतार म्हणाला, “आहे की तिथे सोळा अँपिअरचा पॉइंट. लावा त्यालाच.” नवऱ्यालाही ते पटलं. सोळात पंधरा बसतात, प्रश्न मिटला. मी वायरमनकाकांना बोलावलं. हे काका आमच्याकडे वर्षानुवर्षं येतात, कमी बोलतात आणि बोलतात तेव्हा भिंतीकडे बघून बोलतात.

काकांनी तो पॉइंट पाहिला नाही. त्यांनी डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारी पेटी, उघडली, त्यातला एक एमसीबी, म्हणजे एका लाइनचा खटका, खाली पाडला आणि मला म्हणाले, “ताई, आता घरभर फिरा आणि काय काय बंद पडलंय ते लिहून आणा.” मी फिरले. फ्रीज, मिक्सरचा पॉइंट, किटलीचा पॉइंट, ओव्हनचा पॉइंट आणि मागच्या अंगणातला एक दिवा. सगळे एकाच वायरीवर. किटली २००० वॅटची, म्हणजे ८.७ अँपिअर. ओव्हन तापत असताना कुणी चहाचं पाणी ठेवलं की २४ अँपिअरच्या आसपास, आणि ते सगळं भिंतीतल्या एका २.५ च्या वायरीतून.

“तुमचं आतलं शिजेल तोवर भिंतीतली वायर पण शिजेल,” काका भिंतीला म्हणाले.

तेव्हा ओव्हनला थेट डीबीपासून स्वतंत्र लाइन. यावर दुमत उरलं नाही. दुमत झालं ते वायरीच्या जाडीवर. नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं की २.५ ची वायर वीस अँपिअर सहज घेते, मग चारच्या वायरीचा खर्च कशाला? ‘चार एमएमची वायर’ आपण म्हणतो खरं, पण तो आकडा व्यासाचा नसतो, तांब्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाचा असतो, चौरस मिलिमीटरमध्ये. सलग एकाच तारेचा चार चौरस मिलिमीटर म्हणजे व्यास जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. हे मला तेव्हाच कळलं आणि आजवर मी काय समजत होते याची लाज वाटली.

काकांनी टेप लावून डीबीपासून ओव्हनपर्यंतचा पाइपचा रस्ता मोजला. १४ मीटर. मी वहीत १४ लिहिले. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “अठ्ठावीस लिहा. गेली तेवढी परत पण यायची आहे.”

हे वाक्य मी तेव्हा नुसतं गणितातली दुरुस्ती म्हणून घेतलं.

२८ मीटर धरून हिशेब असा झाला. २.५ च्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम, चारच्या वायरीचा ४.६१. पूर्ण तापताना पहिलीत सव्वातीन व्होल्टच्या आसपास वाटेतच जाणार, दुसरीत दोन. व्होल्ट तसे किरकोळ, पण वॅटमध्ये पाहिलं तर २.५ ची वायर प्लास्टरच्या आत ४८ वॅट उष्णता सोडत बसणार आणि चारची ३०. शिवाय ही वायर एकटी, मोकळ्या हवेत नाही, पाइपमध्ये, पाइप भिंतीत, भिंतीवर टाइल. ओव्हन काही किटलीसारखा तीन मिनिटांत बंद होत नाही. तो दीड-दीड तास चालतो. चारची ठरली.

मग एमसीबी. मला वाटायचं की एमसीबी उपकरणाला वाचवतो. काकांनी ते एका फटक्यात मोडून काढलं: “तो वायरीचा राखणदार. ओव्हनशी त्याचं नातं नाही.” एमसीबीवर २० लिहिलं म्हणजे एकविसाव्या अँपिअरला तो पडतो असंही नाही. आत दोन धातूंची एक पट्टी असते, ती तापून वाकते आणि खटका सोडते. प्रमाण असं की सव्वापटीच्याही आत, १.१३ पटीपर्यंत, त्याने तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाभरात पडलंच पाहिजे. वीसच्या एमसीबीसाठी हा वरचा आकडा २९ अँपिअर. म्हणजे २९ अँपिअर तासभर वाहण्याचा प्रसंग वायरीवर येऊ शकतो, म्हणून वायर त्या हिशेबाने निवडायची. शॉर्टसर्किट झालं तर तिथे पट्टीची वाट बघत नाहीत, आतली चुंबकाची गुंडाळी क्षणात खटका ओढते.

सोळाचा एमसीबी का नको? १५.२ तर सोळाच्या आत बसतात. पण हे आकडे ३० अंश सेल्सिअसला धरून ठरवलेले असतात. बंद डीबीत, शेजारी पाच-सहा तापलेले एमसीबी खांद्याला खांदा लावून बसलेले, तिथे तो सोळाचा लवकरच हात टेकेल. रविवारी ओव्हन अर्ध्यावर असताना तो पडत राहिला असता आणि आम्ही काकांच्या नावाने बोटं मोडत बसलो असतो.

यापेक्षा मोठं भांडण झालं ते जागेवरून. कपाटं करणाऱ्यांच्या नकाशात ओव्हनचा पॉइंट बरोबर ओव्हनच्या पाठीमागे, मधोमध दाखवला होता. कागदावर छान दिसत होता. पण ओव्हनच्या कोनाड्याची खोली साधारण ५५-५६ सेंटिमीटर, ओव्हनची स्वतःची तेवढीच. भिंतीवर चार-पाच सेंटिमीटर पुढे आलेला प्लग असला की ओव्हन तेवढाच बाहेर डोकावणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, ओव्हनमध्ये काही बिघाड झाला तर वीज तोडायची कशी? ओव्हन बाहेर ओढून? ३६ किलोचा आणि आतून जळत असलेला?

शेवटी ठरलं ते असं. जोडणीची पेटी ओव्हनच्या खालच्या खणामागे. आणि फेज-न्यूट्रल, म्हणजे वीज आणणारी आणि परत नेणारी, दोन्ही वायरी एकदम तोडणारा आयसोलेटर शेजारच्या कपाटात, दार उघडलं की हाताला लागेल असा. शेगडीच्या वर नको, कारण आग लागली तर शेगडीवरून हात नेऊन बटण बंद करायची हिंमत कुणाची होणार? सुतार कुरकुरला, त्याला खालच्या खणाची पाठ कापावी लागली. ती तशीही कापावीच लागणार होती, कारण ओव्हनला मागून हवा लागते. पुस्तिकेत स्पष्ट होतं की कपाटाची पाठ मोकळी ठेवा, आणि बाजूच्या फळ्यांना ९५ अंश सहन झाले पाहिजेत. सुताराने पुस्तिका वाचली नव्हती. आणि मी त्याला ती दाखवली ती दोन फळ्या चिकटवून झाल्यावर, तेव्हा निम्मा दोष माझा.

पाइपसाठी भिंतीत झिऱ्या मारण्याच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. धूळ होती. एवढं मात्र सांगते, पाइप आडवे किंवा उभेच न्या, तिरके नको. तिरका पाइप जवळचा पडतो, पण पुढे कधी भिंतीत खिळा ठोकणाऱ्याला तो तिथे असेल अशी शंकाही येत नाही. आणि प्लास्टर मारायच्या आधी प्रत्येक भिंतीवर टेप धरून फोटो काढून ठेवा. आमच्याकडे असे २३ फोटो आहेत आणि आमच्या लग्नाच्या फोटोंपेक्षा ते जास्त वेळा पाहिले गेलेत.

वायरी ओढल्या त्या संध्याकाळी. लाल, काळी, हिरवी, तिन्ही चारच्या. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला त्यांचा मदतनीस मुलगा. डीबीत लाल वायर काकांनी स्वतः नव्या एमसीबीखाली कसली, एकदा ओढून पाहिली, पुन्हा कसली. हिरवी अर्थिंगच्या पट्टीवर. काळी उरली. “ती न्यूट्रलवर टाक रे,” म्हणून काका हत्यारं आवरायला वळले. डीबीत पितळेच्या दोन न्यूट्रल पट्ट्या होत्या, एक वर, एक खाली. खालची भरलेली होती. वरच्या पट्टीत एक स्क्रू रिकामा होता. मुलाने काळी तिथे बसवली, छान घट्ट कसली. मला हे इतकं नीट आठवतं कारण टॉर्च धरून मीच उभी होते.

मग टाइल, ओटा, कपाटं, रंग. तीन आठवडे.

ओव्हन बसवायच्या दिवशी दोघांनी तो बाजूंना असलेल्या खाचांत हात घालून उचलला. दाराच्या दांडीला धरून उचलायचा नाही, दार निखळून हातात येतं. दार आधीच काढून ठेवलं, तेवढंच वजन कमी. मागे जोडणीचं छोटं झाकण, त्याखाली पाच टर्मिनल आणि त्यांना जोडणारे पितळेचे तुकडे. हेच यंत्र काही घरांत दोन किंवा तीन फेजवर लागतं, तिथे हे तुकडे काढायचे असतात. आमच्याकडे एकच फेज, तेव्हा तुकडे जागच्या जागी. खालच्या पेटीपर्यंत जाणारी केबल तापाला टिकणाऱ्या रबराची घेतली, साधी पीव्हीसी नाही, कारण साध्या पीव्हीसीची मजल ७० अंशांपर्यंत आणि ओव्हनच्या पाठीला कधी किती ताप लागेल सांगता येत नाही. केबलचे रंग तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा. भिंतीतल्या वायरी लाल-काळ्या-हिरव्या. इथे निळ्याने घोटाळा होतो: जुन्या रंगपद्धतीत निळी म्हणजे तिसरा फेज, नव्या पद्धतीत निळी म्हणजे न्यूट्रल. काकांनी रंगांवर विश्वास न ठेवता टेस्टरने आणि मीटरने एकेक टोक तपासलं.

प्रत्येक टोकाला तांब्याचा लग, म्हणजे छोटं टोपण, दाबून मगच ते टर्मिनलमध्ये घातलं. एवढं कशाला, असं मी विचारलं. सुट्या बारीक तारा स्क्रूखाली पसरतात, काही दिवसांनी ढिल्या होतात, असं ते म्हणाले. रात्री मी आकडे मांडून पाहिले. ढिल्या जोडाला ०.१ ओहम इतका जरी रोध आला, तरी १५ अँपिअरला त्या एका बिंदूवर २२.५ वॅट उष्णता. सोल्डरिंगचं लहान लोखंड २५ वॅटचं असतं. म्हणजे कपाटाच्या खणामागे, कुणाला न दिसणाऱ्या जागी, आपण तासभर सोल्डरिंगचं लोखंड लावून ठेवल्यासारखं. त्या रात्री मला काकांचे ते तीन-तीनदा स्क्रू कसणारे हात आठवत राहिले.

आयसोलेटर चालू केला. पडद्यावर घड्याळाचे आकडे लुकलुकायला लागले. वेळ लावल्याशिवाय हा ओव्हन काहीच करत नाही, ती लावली. सगळे खूश. “उद्या खिडक्या उघडून तासभर रिकामा तापवा,” सांगून काका गेले. संध्याकाळी मी नुसतं कौतुकाने दार उघडलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

टॉर्च घेऊन डीबीपाशी गेले तर नवा एमसीबी जागच्या जागी उभा. पडले होते दोन्ही आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती पकडणारे खटके. आमच्या घरात ते दोन आहेत: एकाखाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, दुसऱ्याखाली झोपायच्या खोल्या. वर केले, दिवे आले, ओव्हनचं घड्याळ लागलं, लुकलुकलं, वेळ लावली, दार उघडलं, अंधार. या वेळी एकच पडला होता. पुन्हा केलं, दोन्ही. आयसोलेटर बंद ठेवला की घर शहाण्यासारखं चालत होतं. यावरून शेंबड्या पोरानेही ओव्हनलाच दोषी धरलं असतं, आम्हीही धरलं.

कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. तरुण होता, नीट बोलत होता. खोकं दोन महिने गॅलरीत होतं हे ऐकल्यावर त्याचा चेहरा उजळला. “मॅडम, एलिमेंट ओल धरून बसलाय.” आणि हे काही त्याने हवेत सोडलं नव्हतं. ओव्हनचा एलिमेंट म्हणजे धातूची नळी, तिच्यात मधोमध तापणारी तार, आणि तार नळीला टेकू नये म्हणून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली. ही भुकटी वीज अडवते पण उष्णता जाऊ देते, म्हणून ती वापरतात. तिचा एकच अवगुण, ती हवेतली ओल पिते. ओली झाली की थोडी वीज नळीकडे आणि तिथून अर्थिंगकडे झिरपते. बरेच दिवस पडून राहिलेल्या ओव्हनला हा आजार खरोखर होतो.

त्याने दोन उपाय सांगितले. एक, एलिमेंट बदलायचा, आणि हे वॉरंटीत बसत नाही कारण ठेवण्यातली चूक आमची. दुसरा उपाय आवाज खाली आणून सांगितला: “आरसीसीबी बायपास करून एक तास फुल तापवा. ओल उडून जाईल.”

नवरा मोहात पडला. खरं सांगायचं तर मीही. काकांना फोन केला तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. “ताई, हात लावू देऊ नका! एलिमेंटमधून करंट अंगाला आला तर सोडवायला कोण आहे तिथे?” त्यांना दोन दिवस बाहेरचं काम होतं, म्हणाले तोवर आयसोलेटर बंद.

आज मागे वळून पाहते तेव्हा त्या बायपासचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. कारण दोन्ही आरसीसीबी बायपास केले असते तर ओव्हन उत्तम चालला असता. तासाभराने आम्ही म्हटलं असतं, गेली ओल. पुन्हा जोडले की पुन्हा पडले असते, मग कुणीतरी कंटाळून ते कायमचेच बाजूला केले असते.

त्या रात्री झोप येईना. मी वही काढली आणि बँकेचा हिशेब जुळत नसला की करते तेच केलं, प्रत्येक नोंद वेगळी लिहिली. घड्याळ चालू, अंधार नाही. दार उघडलं, अंधार. एलिमेंट चालू, अंधार. पण एलिमेंट चालू करायला आधी दार उघडून बंद न करता आम्ही एकदाच पाहिलं होतं. मग नजर परत दुसऱ्या नोंदीवर गेली. दार उघडल्यावर लागतो तो फक्त दिवा. एलिमेंट तेव्हा बंदच असतो. मग ओल एलिमेंटमध्ये असेल तर दिव्याने अंधार का व्हावा?

दिवा २५ वॅटचा. भागिले २३०, म्हणजे ०.१०९ अँपिअर, १०९ मिलिअँपिअर. घड्याळ दोनेक वॅट, म्हणजे दहा मिलिअँपिअरच्याही आत. आरसीसीबीवर लिहिलंय ३० मिलिअँपिअर. घड्याळ त्याच्या खाली, दिवा वर, एलिमेंट तर कुठच्या कुठे वर. जणू ओव्हन जेवढी वीज घेत होता, ती सगळीच्या सगळी आरसीसीबी गळती म्हणून धरत होता.

आरसीसीबी नेमकं काय करतो ते तोवर मी वाचलं होतं. किती वीज गेली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, ते एमसीबीचं काम. आत एक कडं असतं, त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजने जेवढी वीज गेली तेवढीच न्यूट्रलने परत आली, तर दोघींचा परिणाम एकमेकांना खाऊन टाकतो. कमी आली तर कुठेतरी, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, ती जमिनीत चाललीय असं धरून तो खटका सोडतो. तिसाच्या आरसीसीबीने १५ पर्यंत गप्प राहायचं आणि ३० ला ०.३ सेकंदांच्या आत पडायचं असा नियम आहे. थोडक्यात हा माझाच जातभाई: नावे आणि जमा, आणि दोन्हींत फरक आला की दुकान बंद.

मग ओव्हनच्या खात्यात ‘नावे’ सगळं पडतंय आणि ‘जमा’ काहीच होत नाहीये, असं का? मला हिशेबात असं दिसलं की मी पहिल्यांदा बघते ती दुसरी खातेवही. पैसे आलेले असतात, नोंद भलत्या खात्यात झालेली असते.

सकाळी सहाला काकांना फोन केला. “काका, दिव्याला एलिमेंटशी काय देणंघेणं?” पलीकडे शांतता. मग एकच शब्द आला, “न्यूट्रल.” आणि मग, “दोन्ही पडतात म्हणाला होतात ना तुम्ही? मूर्खासारखा ऐकत राहिलो मी. आज संध्याकाळी येतो.”

आले तेव्हा मदतनीसही सोबत होता. काकांनी आधी ओव्हनला निर्दोष सोडवलं. खणाच्या मागची पेटी उघडून ओव्हनची केबल सुटी केली, फेज आणि न्यूट्रलची टोकं एकत्र धरली आणि अर्थिंगच्या टोकासमोर मेगर, म्हणजे गळती तपासायचं यंत्र, लावला, ५०० व्होल्टवर. काटा वीस मेगाओहमच्या पुढे. ओली भुकटी असती तर हा आकडा काही हजार ओहमांवर घसरला असता. मग भिंतीतून येणाऱ्या मोकळ्या लाइनला होल्डरमधला साधा १०० वॅटचा दिवा जोडला. म्हणजे आता ओव्हन चित्रातच नाही. काका बाजूला झाले, मुलाला म्हणाले, “चालू कर.” दिवा लागतो न लागतो तोच अंधार.

मेन बंद करून डीबीचं झाकण काढलं. टॉर्च पुन्हा माझ्याच हातात. नवी लाल वायर दुसऱ्या आरसीसीबीखालच्या रांगेत. काळी वायर वरच्या पट्टीवर, आणि वरची पट्टी पहिल्या आरसीसीबीची. ओव्हनची वीज एका दारातून जात होती आणि दुसऱ्या दारातून परत येत होती. दुसऱ्याला वाटायचं, गेलेली परत आलीच नाही. पहिल्याला वाटायचं, ही आगंतुक आली कुठून? ज्याचा खटका आधी सुटायचा तो पडायचा, आणि कधी दोघांचाही एकदमच सुटायचा. एकाच वेळी दोन्ही पडतात ही खूण पहिल्या रात्रीच आमच्यासमोर होती.

मदतनीस मुलगा जमिनीकडे बघत होता. काकांनी त्याला एक शब्द सुनावला नाही. “न्यूट्रलवर टाक म्हणालो. कुठल्या ते मी सांगितलं नाही,” भिंतीला म्हणाले. मग मुलाच्याच हातात पेचकस दिला. खालच्या पट्टीत स्क्रू रिकामा नव्हता. एका स्क्रूखाली दोन वायरी कोंबणं सोपं होतं, पण काकांनी पिशवीतून मोठी पट्टी काढली आणि सगळ्या काळ्या वायरी एकेक करून नव्या पट्टीवर हलवायला लावल्या. चाळीस मिनिटं लागली. प्रत्येक काळीवर तिच्या एमसीबीचा आकडा लिहिलेली चिकटपट्टी. ओव्हनची सात.

केबल पुन्हा जोडली, ओव्हन आत ढकलला, मेन चालू. मी दार उघडलं. दिवा लागला आणि लागूनच राहिला. मी ते तीन-चार वेळा उघडझाप केलं, नवरा म्हणाला आता पुरे.

खिडक्या उघडून ओव्हन २२० अंशांवर रिकामा लावला. कारखान्यातलं तेल आणि आतल्या आवरणांचा वास पहिल्या वीस मिनिटांत घरभर झाला, थोडा निळसर धूरही. काका थांबले होते. डीबी उघडीच होती, आणि त्यांनी सात नंबरच्या लाल वायरीभोवती क्लॅम्प मीटरचा, म्हणजे वायर न तोडता अँपिअर मोजणाऱ्या मीटरचा, चिमटा अडकवला: १४.९. दहा-बारा मिनिटांनी टिक असा आवाज आला आणि आकडा एकाच्याही खाली उतरला, तापमान गाठलं होतं. मग पुन्हा १४.९. आयसोलेटरवर मी तासाभराने हाताची उलटी बाजू ठेवून पाहिली, गारच होता. ओव्हन बंद केल्यावरही आतला पंखा वाजत राहिला. तो कपाट थंड करत असतो, तो थांबेपर्यंत आयसोलेटर बंद करू नका, असं काकांनी नवऱ्याला दोनदा सांगितलं.

निघायच्या आधी मी त्यांना म्हटलं, एकदा दोन्ही वायरींवर लावा ना चिमटा. मी पुन्हा ओव्हन सुरू केला, फ्रीज चालू होता, किटलीही ठेवली. काकांनी दुसऱ्या आरसीसीबीत शिरणारी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरी एकत्र चिमट्यात घेतल्या आणि मीटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

०.००.

“जुळलं?” त्यांनी विचारलं. या वेळी भिंतीकडे न बघता.